मदत हवी आहे: शाळेच्या परसबागेतली मिरची आकसली

चिंचेचा पार
दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तर परसबागेतल्या मिरचीची पानं मुरडलेली. शेंडे आकसलेत, फुलं गळताहेत. काय फवारायचं? लवकर सांगा, शनिवारी मुलांचा बागेचा तास आहे.

मातीतला माणूस
गाव कोणतं? लावण कधीची? झाडं किती? पानं वर वळलीत की खाली? फोटो टाका.

चिंचेचा पार
फलटण तालुका. ऑगस्टची लावण, साठेक झाडं. फोटो चढत नाहीये. वर काय नि खाली काय, मुरडलीत ना! औषध सांगा.

निवृत्त कृषी सहायक
सर, त्यावरच औषध ठरतं. कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर फुलकिडे. खाली वळून देठ लांबला तर कोळी कीड. पान बारीक, पिवळट आणि झाड खुजं राहिलं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, त्याला औषध नाही. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका आणि प्रयोगशाळेतल्या भिंगातून पाहा. मुलांनाच पाहू दे.

बांधावरून
भिंग कशाला? बोकड्या रोग आहे हा, पानं मुरडतात तो. कृषी सेवा केंद्रातून औषध आणा, पंपाने मारा. आमचा दोन एकराचा प्लॉट एका फवारणीत सुधारला.

चिंचेचा पार
रासायनिक काहीही नको. ही मिरची पोषण आहाराच्या आमटीत जाते. पाचवी ते सातवीची मुलं रोज तिथे हात घालतात.

मातीतला माणूस
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

काळी आई
मग जीवामृत! 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. आमच्याकडे दुसरं काही लागत नाही.

निवृत्त कृषी सहायक
जीवामृत जमिनीसाठी द्या, जरूर द्या. शेंड्यात बसलेली कीड त्याने मरत नाही.

काळी आई
जमीन सुधारली की कीड येतच नाही. तुमच्या खात्याने आयुष्यभर युरियाच शिकवला.

निवृत्त कृषी सहायक
ताई, युरिया जास्त झाला की कोवळी फूट वाढते आणि कीड तिथेच येते, हे मी गावोगाव सांगत फिरलोय. सरांची मिरची आत्ता वाचवायची आहे.

गच्चीवरून
माझ्या कुंडीतल्या कढीपत्त्याची पानंही पिवळी पडतात. त्यालाही हेच का?

मास्तरीण
सर, सुट्टीत पाणी कोण घालत होतं? आमच्याकडे गावातल्या मुलांच्या पाळ्या लावतो, वाफ्यावर पाचट पसरतो. नाहीतर मे महिन्यात काही उरत नाही.

चिंचेचा पार
पाण्याच्या पाळ्या आमच्याही आहेत. जूनला भेंडी-गवार, दिवाळीनंतर मेथी-पालक, उन्हाळ्यात फक्त शेवगा आणि कढीपत्ता, असं वर्ष मुलांनीच फळ्यावर आखलंय. गांडूळखतही तीच करतात. युरिया कधीच टाकला नाही. अडलंय ते मिरचीवर.
कागदावर झटकून पाहिलं. पिवळसर, लांबट, बारीक किडे पळताहेत. पानं वरच वळलीत. तीन झाडं मात्र पिवळी आणि खुजी आहेत.

निवृत्त कृषी सहायक
फुलकिडे. पाऊस थांबून हवा कोरडी झाली की वाढतात. निंबोळी पावडर लिटरला 50 ग्रॅम रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, थोडा साबण घाला, संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. आठवड्याने पुन्हा. निळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याजवळ लावा. ती तीन झाडं उपटून पुरून टाका.

चिंचेचा पार
प्रत्येक रोप एकेका मुलाच्या नावावर आहे. उपटायचं कसं सांगू?

बांधावरून
उपटू नका, छाटून बघा. फुटतं कधी कधी.

मास्तरीण
विषाणू असेल तर छाटून जात नाही. ठेवलं तर शेजारच्या मुलाचं रोपही जाईल. त्या तिघांना नवीन रोप द्या आणि कारण भिंगातून दाखवा, मुलं समजून घेतात.

चिंचेचा पार
बरं. फवारल्यावर मिरची आमटीत कधी घालायची? कडू लागेल का?

निवृत्त कृषी सहायक
तयार मिरची आधी तोडून घ्या, मग फवारा. पुढचा तोडा आठवड्याने, नीट धुऊन. पुढच्या वर्षी लावणीआधी वाफ्याभोवती मक्याच्या दोन ओळी पेरा, पांढरी माशी कमी येते.