लाफ ट्रॅकवर हसणारे बिनडोक? मग हे वाचाच

कृष्णाकाठचा (सांगली): काल इथं एकानं लिहिलं, 'लाफ ट्रॅकवाल्या, म्हणजे विनोदामागं हशा वाजणाऱ्या मालिका बघणारे बिनडोक, कुठं हसायचं तेही त्यांना सांगावं लागतं.' डोकंच फिरलं. अहो, 'चीअर्स', 'फ्रेंड्स' या अमेरिकन विनोदी मालिका स्टुडिओत प्रेक्षक बसवून चित्रित झाल्या. नट हशासाठी थांबतात, म्हणून संवादांत जागा असते. यूट्यूबवर तो हशा काढून 'बघा, विनोदच नाही' म्हणणं म्हणजे ढोलकी काढून लावणी ऐकवणं!

किल्ल्याखालचा (सातारा): तो 'एक' मीच. खऱ्या प्रेक्षकांचं सोडा, चार्ली डग्लसचं काय? अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या या ध्वनितंत्रज्ञानं १९५०च्या दशकात हशाची पेटीच बनवली. एक कळ दाबली की खुदखुद, दुसरी दाबली की गडगडाट. स्टुडिओतला हशा कमी पडला तर वरून ठिगळ. लष्करी इस्पितळावरच्या 'मॅश' मालिकेच्या निर्मात्यांना हे नको होतं, सीबीएसनं लादलं. शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत तेवढं टाळलं. बीबीसीनं तीच मालिका हशाविना दाखवली, तिथल्या लोकांचं काही अडलं का?

हळदीचा_वास: माझी आई मिरजेत एकटी असते. बाबा गेल्यापासून संध्याकाळी असलं काहीतरी लावून ठेवते. इंग्रजी कळत नाही. घरात चार माणसं हसतायत असं वाटतं, म्हणते. तीही बिनडोक का? तसं म्हणायला समोर या.

किल्ल्याखालचा: आईला मधे आणलंत, संपला वाद.

माहुलीकर: आपल्याकडं परीक्षक खुर्चीवरून पडेस्तोवर हसतात, तो लाफ ट्रॅकच की. आणि खरा प्रेक्षक हवा तर सांगलीचा नको! तिकडं नाटकाला गेलो, तर पुढच्या रांगेतले काका फोनवर द्राक्षाचा दर ठरवत होते. भर दुसऱ्या अंकात. म्हणे नाट्यपंढरी!

कृष्णाकाठचा: १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सांगलीतच केलं, विसरू नका. साताऱ्यात नट विनोद करून थांबतो आणि समोर सगळे मिशीतल्या मिशीत. पेटीची गरज तुम्हालाच.

माहुलीकर: पैसे मोजून येतो. उगाच दात काढत नाही.

किल्ल्याखालचा: बरोबर! साताऱ्यात हशा कमवावा लागतो.

तिसरी_घंटा: भांडा तुम्ही. आमच्या हौशी संघानं एकदा स्पर्धेत हसायला पोरं पेरली होती, वडापाव देऊन. पठ्ठे म्हातारा मरतो तिथं हसले. मग अख्खं नाट्यगृह त्यांना हसलं, आमचा गंभीर प्रवेश गेला खड्ड्यात. पॅरिसच्या नाट्यगृहांत १९व्या शतकात असे भाडोत्री टाळ्यावाले सर्रास असायचे. पेटी निदान वडापाव तरी मागत नाही.

हळदीचा_वास: माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही.

किल्ल्याखालचा: घ्या. 'बिनडोक' मागे, फक्त तुमच्या आईंपुरतं. कृष्णाकाठच्यांना लागू आहे.

कृष्णाकाठचा: उपकार झाले. पुढच्या नाटकाला या, तिकीट माझं.

माहुलीकर: काकांच्या शेजारचं नको.