‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा पहिला अंक शिकवताना कथानक आधी सांगावं का?

विंगेतून
माझं मत स्पष्ट आहे: सांगू नये. तेंडुलकरांच्या १९६७ सालच्या या नाटकाचा पहिला अंक आरोपावर संपतो. एका गावात अभिरूप, म्हणजे लुटुपुटूच्या, खटल्याचा प्रयोग करायला आलेल्या मंडळींपैकी शिक्षिका बेणारे आतल्या खोलीत असताना बाकीचे आपसातच खटल्याचा खेळ ठरवतात आणि ती बाहेर येते तेव्हा ती आरोपी झालेली असते: भ्रूणहत्या, खुनाचं कलम ३०२. विद्यार्थ्याला हे आधीच माहीत असेल तर बेणारेबरोबर तो दचकणार कसा? मग तो फक्त पानं उलटतो.

दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत फळ्यावर हॉलचा आराखडा काढा: दोन दारं, बंद पडलेलं घड्याळ, पुढाऱ्यांच्या जुन्या तसबिरी, देणगीदारांच्या नावांची पाटी. मग फक्त बेणारे आणि सामंत यांचा प्रवेश मोठ्याने वाचून घ्या. बाकीची मंडळी येतात तिथे थांबा.

तासिका
पटत नाही. एफवायच्या वर्गात साठ-सत्तर मुलं असतात. काशीकर, काशीकरबाई, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे ही सगळी मंडळी पाठोपाठ आत येतात. वर दामले आणि रावते ही दोन नावं, जी रंगमंचावर येतच नाहीत. मुलं दामल्यांना शोधत बसतात. आधी पात्रांची यादी आणि चार ओळींत कथानक दिलं नाही, तर अर्धा वर्ग दहाव्या मिनिटाला सुटतो.

दुसरं, शेवटचा आरोप अचानक आला की वर्गात खसखस पिकते. अविवाहित शिक्षिका, गर्भ, त्यावर मुलांची शेरेबाजी, आणि मुली मान खाली घालून बसलेल्या. हे टाळायचं तर जमीन आधी तयार करावी लागते. गर्भपाताला मुभा देणारा कायदा १९७१चा, नाटक त्याच्या चार वर्षं आधीचं. हे ठाऊक नसेल तर ‘एवढं काय त्यात?’ असा प्रश्न येतो.

विंगेतून
पात्रांची यादी द्या, ती मान्य. दामले आणि रावते यांच्यापुढे ‘गैरहजर’ लिहा. सामंत हा गावातला माणूस रावत्याच्या जागी साक्षीदार म्हणून उभा राहणार आहे आणि त्याला कोर्ट समजावं म्हणूनच हा खेळ सुरू होतो, हेही सांगा. पण कथानक नको. कायद्याची माहिती पहिल्या आणि दुसऱ्या अंकांच्या मधे द्या, तिथे तिची गरज लागते. खसखस पिकली तर तिथेच थांबून विचारा: रंगमंचावरची माणसं आत्ता काय करताहेत? तीही खेळ म्हणूनच हसताहेत.

कंसातलं
तुमच्या दोघांच्याही पद्धतीत एक चूक होते. मोठ्याने वाचताना मुलं संवाद वाचतात आणि कंसातल्या रंगसूचना गाळतात. या अंकात तर जीव तिथेच आहे. सुरुवातीलाच कडीत बेणारेचं बोट चेमटतं. सामंत समजावतो की ही कडी नीट सरकवली नाही तर दार लागतं आणि माणूस आत अडकतो. पुढे बेणारे बाहेर पडायला जाते तेव्हा दार उघडत नाही. सूचना गाळली तर हा धागा कुणाच्याच हाती लागत नाही. म्हणून एक विद्यार्थी फक्त कंस वाचण्यासाठी नेमा.

वहीत तीन रकाने आखून घ्या: वस्तू, ती कोणाच्या हातात, तिच्यावरून काय वाटतं. कडी आणि सामंतने आणलेला हिरवा कापडी पोपट, या दोनच नोंदी पहिल्या दिवशी पुरेत. पोपटापुढचा तिसरा रकाना रिकामा राहू द्या, तो नाटक संपल्यावर भरायचा.

तासिका
रंगसूचनांचं एकदम मान्य. पण कथानक न सांगता शिकवलं की उत्तरपत्रिकेत ‘बेणारे ही हसरी, खेळकर, बडबडी स्त्री आहे’ एवढंच उतरतं. सहकाऱ्यांच्या नकला ती धमाल करते, ते मुलांना आवडतं. पण त्याच ओघात शाळेत आपली चौकशी चालू असल्याचं ती बोलून जाते, ते निसटतं. शेवट माहीत असलेला विद्यार्थी त्या वाक्यावर थांबतो.

विंगेतून
तो थांबतो, कारण तुम्ही बोट ठेवलेलं असतं. त्याऐवजी अंक संपल्यावर तिची वाक्यं परत वाचायला लावा आणि विचारा: न विचारता ती स्वतःचा बचाव कुठे करते? आयुष्य माझं आहे, नोकरीसाठी मी ते विकलेलं नाही, अशा अर्थाचं ती सामंतशी बोलते. त्याने तर काहीच विचारलेलं नसतं! हे मुलाला स्वतःला सापडलं की उत्तरात ‘हसरी’च्या पुढे ‘पण’ येतो.

कंसातलं
एक गोष्ट मात्र आधीच सांगावी: त्या रात्रीचा ठरलेला अभिरूप खटला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावरचा आहे, अण्वस्त्रांबद्दल. आजच्या मुलांना जॉन्सन कोण ते माहीत नसतं आणि ती तो उल्लेख ओलांडून जातात. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला जाब विचारायला निघालेली मंडळी अंकाच्या शेवटी कोणाला पिंजऱ्यात उभी करतात, हे त्याशिवाय दिसत नाही.

तासिका
जॉन्सन आणि पात्रांची यादी आधी, कायदा मधे, इथवर येते मी. पण शेवटच्या आरोपाची कल्पना निदान वर्गातल्या मुलींना आधी द्यावी, यावर मी ठाम आहे.