गॅलागा घरी खेळताना एवढं वेगळं का वाटायचं

गॅलागा म्हणजे आपल्या विमानाने अंतराळातल्या शत्रूंवर गोळ्या मारायचा व्हिडिओ गेम. काहीजण म्हणतात की घरच्या टीव्हीवरचा गॅलागा म्हणजे पैसे टाकून खेळायच्या मशीनची नुसती स्वस्तातली नक्कल, तर ते मला अजिबात पटत नाही. नामको या जपानी कंपनीचं १९८१ चं मूळ मशीन उभ्या स्क्रीनचं होतं, आपला टीव्ही आडवा, त्यामुळे १९८५ ला फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर, आणताना त्यांनी खेळाची जागा डावीकडे घेऊन स्कोअर आणि उरलेली विमानं उजव्या पट्टीत टाकली. म्हणजे शत्रू वरून खाली यायला अंतर कमी, आणि तो सूर मारून आला की चुकवायला वेळही कमी. पण खरी मजा, म्हणजे शत्रूने पकडलेलं आपलं विमान सोडवून दोन विमानांनी एकदम गोळ्या मारायची, ती तशीच ठेवली होती, चॅलेंजिंग स्टेज, म्हणजे शत्रू गोळ्या मारत नाहीत ती बोनस फेरी, तीसुद्धा. एवढ्याशा कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या कॅसेटमध्ये, हे बसवणं सोपं काम नाहीये.

अजून एक गोष्ट, त्या कार्ट्रिजमध्ये हाय स्कोअर सेव्हच व्हायचा नाही. आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात लाईट गेली की सगळं पुसलं जायचं, म्हणून आम्ही भावंडं भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेच्या चौकोनात स्कोअर लिहून ठेवायचो आणि आई त्यातच दुधाचा हिशोब लिहायची. सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेत मशीनवर पैसे टाकून खेळताना कधी एवढं निवांत शिकता आलं नाही, विमान मुद्दाम पकडू द्यायचं धाडस घरीच आलं, कारण तिथे हरलं तरी खिशातलं काही जात नव्हतं.