६०,००० किलोमीटर झाले म्हणजे इंजिन संपलं का?

मोकळावारा विचारतो:

नमस्कार मंडळी. माझी १५० सीसीची एअर-कूल्ड, एका सिलिंडरची मोटरसायकल आहे. मीटर ६२,००० च्या पुढे गेलंय. नवी घेतल्यापासून मीच चालवतोय, ऑइल वेळच्या वेळी बदलतो. पहिल्या किकला सुरू होते, धूर दिसत नाही, ओढही चांगली आहे. तरी ज्याला त्याला वाटतं की आता इंजिनचं काम निघणारच, त्याआधीच रिंग-पिस्टन टाकून घे, नाहीतर विकून मोकळा हो. गाडीवर जीव आहे, म्हणून विचारतो. नीट सांभाळलेलं इंजिन किती चालतं? आणि आत्ताच खोलून घेण्यात काही फायदा आहे का?

चौथागिअर:

भाऊ, ढोबळ सांगतो. १००-१५० सीसीची साधी इंजिनं ७०-८० हजारांच्या आसपास पिस्टनच्या नव्या रिंगा मागायला लागतात, जपून वापरली तर लाख ओलांडतात. मोठी लिक्विड-कूल्ड इंजिनं त्याहून बरीच जास्त जातात. तुमची अजून तरुण आहे.

बोअरगेज:

मोकळावारा दादा, मी सिलिंडर बोअरिंगचं काम करते, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून थोडा मोठा आणि गोल करते. माझ्या टेबलावर सिलिंडर येतो, मीटर येत नाही. गेज आत घालून वर, मधे आणि खाली, दोन्ही दिशांनी माप घेतलं की गाडी कशी वागवली गेली ते कळतं. कमी चाललेल्या गाडीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, खाल्लेला, आणि भरपूर चाललेल्या गाडीच्या भिंतीवर नवेपणी ऑइल धरायला मुद्दाम मारलेल्या होनिंगच्या तिरप्या रेघा अजून स्पष्ट, असं दोन्ही मी पाहिलंय. म्हणून नुसत्या किलोमीटरवरून इंजिनचं वय ठरवणं मला पटत नाही.

साधा हिशोब करून बघा. ६०,००० किलोमीटर गर्दीत ताशी २० च्या सरासरीने झाले असतील तर इंजिन ३,००० तास फिरलंय. तेच मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० ने झाले असतील तर १,००० तास. मीटरवर आकडा एकच, झीज मात्र वेगळी. त्यात रोज चार-पाच मिनिटांच्याच फेऱ्या होत असतील तर आणखी वाईट, कारण इंजिन पुरतं तापतच नाही. मग जळणातून तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साचत जातं. अधूनमधून तरी वीसेक मिनिटं सलग चालवली की ते उडून जातं.

माझ्या अनुभवात बोअरचा सगळ्यात मोठा शत्रू धूळ आहे. ऑइलबद्दल सगळे बोलतात, एअर फिल्टरबद्दल फार कमी. धुळीतले वाळूचे कण कठीण असतात. फिल्टर फाटलेला असेल, नीट बसला नसेल किंवा फिल्टरकडून इंजिनकडे जाणाऱ्या पुढच्या रबरी नळीला चीर असेल तर ते ऑइलच्या थरात मिसळतात आणि रिंग प्रत्येक फेरीला भिंत घासत जाते. असा बोअर हाताला कळतो: भिंत निस्तेज, राखाडी, आणि वरच्या टोकाला, जिथे रिंग थांबून परत फिरते, तिथे नखाला लागेल अशी कड. तिथे दाब सर्वांत जास्त आणि ऑइलचा थर सर्वांत पातळ, म्हणून झीज तिथेच आधी होते. नुसता मळलेला फिल्टर एवढा घातक नाही, गाडी गुदमरते पण वाचते. आणि कृपा करून कागदी फिल्टर धुऊ नका. धुऊन, वाळवून, पुन्हा ऑइल लावून वापरायचा तो फोमचा. ऑइल लावलेला कागदी फिल्टर येतो, त्याला तर हवेचा झोतही मारायचा नाही, थेट बदलायचा.

ऑइलचं थोडक्यात. तुमच्या इंजिनमध्ये गिअर आणि क्लचही त्याच ऑइलमध्ये आहेत. गिअरचे दाते ऑइलची घट्टी मोडतात, म्हणून मोटरसायकलचं ऑइल कारपेक्षा लवकर बदलावं लागतं. डब्यावर जासो (मोटरसायकलच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा. हे वर्गीकरण १९९८ मध्ये आलं ते ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीच. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरतो.

आता मुख्य प्रश्न. चालणारं इंजिन उगाच खोलू नका. इतकी वर्षं रिंगा आणि बोअर एकमेकांशी जुळून बसलेत. थोडा अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नव्या गोल रिंगा घातल्या तर त्या जुन्यांपेक्षाही वाईट बसू शकतात. ज्यांना "फक्त रिंगा टाका" म्हणून सल्ला मिळतो त्यांचे सिलिंडर पुढे माझ्याकडे येतात आणि मला फार वाईट वाटतं. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, गेज लावून मोजा. इंजिन गरम, प्लग काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक. आकडा मॅन्युअलशी जुळवा, दुसऱ्या गाडीशी नको, कारण काही इंजिनांत सुरू होताना दाब सोडणारी यंत्रणा असते आणि आकडा मुळातच कमी येतो. कमी आलाच तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर गळती रिंगांकडून, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हकडून.

चौथागिअर:

ताई, टॅपेटचंही सांगा ना. आवाज नाही म्हणून वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही.

बोअरगेज:

बरं आठवण केलीत. आवाज करणाऱ्या टॅपेटची मला भीती वाटत नाही, गप्प बसलेल्याची वाटते. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हला ढकलून उघडणारा भाग, त्याच्यात आणि व्हॉल्व्हमध्ये थोडी फट ठेवलेली असते. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू रुतत जातो तशी ही फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता बैठकीला टेकूनच बाहेर टाकतो, टेकलाच नाही की त्याची कड जळते. फट मोजायची ती इंजिन थंड असताना, रात्रभर उभ्या गाडीवर.

मोकळावारा:

ताई, दादा, मनापासून आभार. कॉम्प्रेशन मोजून घेतलं, मॅन्युअलच्या मर्यादेत आहे, पण खालच्या टोकाला. टॅपेट थोडे घट्ट निघाले, सेट करून घेतले. तुम्ही म्हणालात म्हणून फिल्टरच्या पुढची रबरी नळी काढून वाकवून पाहिली, तर खालच्या बाजूला चीर सापडली. वरून अजिबात दिसत नव्हती. आणखी एक सांगायचं राहिलं. दोन ऑइल बदलांच्या मधे डिपस्टिकवर पातळी थोडी उतरते. हे काळजीचं आहे का?

बोअरगेज:

नळी आजच्या आज बदला, चिकटपट्टी लावून चालवू नका. उष्णतेत आणि पेट्रोलच्या वाफेत ती टिकत नाही. फिल्टरच्या डब्याची कडही आतून ओल्या कापडाने पुसून घ्या. तिथे बारीक धूळ सापडली तर ती गाळून न येता आत गेलीय असं समजा, आणि मग ऑइलही आताच बदला.

पातळी उतरते ती किती, हे मोजल्याशिवाय बोलता येणार नाही. गाडी सरळ उभी करून, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, दर वेळी त्याच पद्धतीने बघा. किती किलोमीटरवर किती ऑइल घातलं ते वहीत लिहा. पातळी उतरण्याचा वेग तोच राहिला तर ऑइल घालत चालवा, त्यात काही गैर नाही. कमी पातळीवर चालवणं तेवढं टाळा. उतरण्याचा वेग वाढत गेला तर मागच्या गाडीवाल्याला धूर बघायला सांगा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर निळा झोत आला तर व्हॉल्व्हची सीलं, त्याला बोअरिंग लागत नाही. जोर देताना सतत निळा धूर येत राहिला तर रिंगा.

तेव्हा हेड उघडायची वेळ आली असं धरा, आणि सिलिंडरचं माप घेतल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. बोअर लोखंडी असेल तर पाव मिलिमीटरने मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतो आणि पुढेही वाव राहतो. निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप असलेला सिलिंडर मात्र तसा बोअर करत नाहीत, नवा घ्यावा लागतो किंवा लेप पुन्हा चढवावा लागतो. तुमचा कोणता आहे ते मॅन्युअलमध्ये बघून इथे लिहा.

मोकळावारा:

लोखंडी स्लीव्ह आहे ताई. नळी मागवलीय, ती येईपर्यंत गाडी उभीच ठेवतो.

बोअरगेज:

उत्तम. मग ७५,००० ला कॉम्प्रेशन पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे इथे टाका.