ओंडका उलटत राहा
ओंडका चिरताना करवतीचं पातं नवं असूनही फळ्या धनुष्यासारख्या वाकतात, अशी एकाची तक्रार आहे. मला पात्यापेक्षा लाकडातल्या ताणाचा संशय जास्त येतो. उभ्या झाडात सालीजवळचा भाग ताणलेला असतो आणि गाभा दाबलेला. सलग एकाच बाजूने कापत गेलात तर हा तोल बिघडतो, उरलेला ओंडका मधे उचलला जातो आणि पुढची फळी मधे जाड, टोकांना पातळ निघते. म्हणून दोन-तीन फळ्यांनंतर ओंडका १८० अंशांत उलटा. मोठ्या ओंडक्याला हे जिवावर येतं, पण पर्याय नाही. गाभ्याची फळी काढूच नका, ती तडकतेच. बाकी, फळ्यांच्या टोकांना कापल्याच्या दिवशीच मेण किंवा जाड रंग लावा.