स्पंजबॉब रिहायड्रेटेड: ३३ कालथ्यांवर गाडी अडली, ४० चा दरवाजा कसा उघडायचा?

रायबंदरचा_बोका

गेम आहे बॅटल फॉर बिकिनी बॉटम, रिहायड्रेटेड. पीसीवर, स्टीमवरून घेतलेला. खेळणारा आठ वर्षांचा. सोनेरी स्पॅच्युला ३३ जमलेत (घरात सगळे त्याला कालथाच म्हणतात, मीही तेच लिहितो) आणि इंडस्ट्रियल पार्क या पुढच्या भागाचा दरवाजा उघडायला ४० लागतात. रोबो-सँडीची मोठी लढाई जिंकून झाली आहे, बबल बोल (बुडबुड्याचा चेंडू घरंगळत सोडायची चाल) मिळालाय. तीन ठिकाणी घोडं अडलंय.

झोपलेला रोबो दर वेळी जागा होतो आणि पोराच्या पात्राला मारतो. कितीही हळू गेलं तरी. सँड माउंटनवरच्या घसरगुंडीच्या शर्यतीत लॅरीची वेळ मोडता येत नाही. आणि डाउनटाउनमधला एक कालथा समोर दिसतो, पण हाती लागत नाही.

शिवाय चवथीला मामेभाऊ येणार. हाच खेळ दोघांना मिळून खेळता येतो का? कंट्रोलर साधा यूएसबीवाला आहे, पणजीत घेतलेला, बिनानावाचा.

कालथेबहाद्दर

आधी डाउनटाउनचं सांगतो, कारण त्यात पोरांचे तासन्तास वाया जातात. पॉझ मेनूत त्या भागाची यादी उघडा. त्यात ‘कम बॅक विथ द क्रूझ बबल’ असं एक नाव दिसेल. क्रूझ बबल, म्हणजे दूरवर सोडायचा बुडबुडा, मिळतो रोबो-पॅट्रिकला हरवल्यावर, आणि रोबो-पॅट्रिक बसलाय इंडस्ट्रियल पार्कात, म्हणजे त्याच ४० च्या दरवाजापलीकडे. म्हणून तो कालथा आत्ता मिळणारच नाही. पोराची काही चूक नाही. तो सोडा आणि यादीतली बाकीची नावं बघा.

आता हिशेब. गेममध्ये एकूण १०० कालथे आहेत. मोठ्या नऊ भागांत प्रत्येकी ८ म्हणजे ७२, मुख्य गावात, म्हणजे बिकिनी बॉटममध्ये, ८, मिस्टर क्रॅब्स विकतो ते ८, पॅट्रिक मोज्यांच्या बदल्यात देतो ते ८, आणि उरलेले ४ मोठ्या लढायांतले. शेवटच्या चम बकेट लॅबला ७५ लागतात. १०० पुरे करायची सक्ती कुठेच नाही. तुम्हाला हवेत ७, आणि लॅरी त्यातला एकच आहे. त्याला पुढे ढकला. सँड माउंटनवर तीन घसरगुंड्यांच्या तीन शर्यती आहेत: मिसेस पफ, बबल बडी आणि लॅरी. याच क्रमाने अवघड होत जातात. पहिल्या दोन झाल्यात का तेवढं तपासा.

मग मुख्य गावात फिरा. मुलं नवीन भाग उघडायच्या घाईत गावातले आठ तसेच ठेवतात. अननसाच्या डोक्यावर एक, स्क्विडवर्डला त्रास द्यायचा एक, सँडीच्या काचेच्या घुमटात रोबो दबा धरून बसलेत तो एक, क्रस्टी क्रॅबमधली रोबोंची गर्दी साफ करायचा एक. हे चारही झाले नसतील तर निम्म्याहून जास्त काम इथेच होईल.

त्यानंतर मोजे. १० मोज्यांना पॅट्रिक एक कालथा देतो, एकूण मोजे ८०. जेलीफिश फील्ड्स आणि गू लगून पुन्हा पालथे घाला, पण पॅट्रिक होऊन. बसथांब्यावर पात्र बदलतं. निळं गोठवणारं फळ उचलून चिकट रसात फेकलं की त्याचा बर्फ होतो आणि पलीकडे जाता येतं. स्पंजबॉबला फळ उचलता येत नाही, म्हणून पहिल्या फेरीत ते कोपरे राहून जातात.

(गू लगून हे नाव मराठी घरात एकदा मोठ्याने वाचलं की पुढची दहा मिनिटं खेळ बंद, हेही हिशेबात धरा.)

म्हापसा_पिक्सेल

झोपलेल्या रोबोचं उत्तर कंट्रोलरमध्ये आहे.

त्याच्याभोवतीच्या वर्तुळात चवड्यांवर चालत जायचं असतं. चवड्यांवरची चाल म्हणजे कंट्रोलरची डावी दांडी किंचित कलती धरायची, पूर्ण ढकलायची नाही. पडद्यावर पात्र चोरासारखं खांदे वर करून चालायला लागलं की जमलं समजा. साध्या पावलांनीही तो जागा होतो, त्यामुळे हळू आणि चवड्यांवर यांतला फरक पोराला डोळ्यांनी दाखवा. ‘शू’ करणारी टिकीसुद्धा (टिकी म्हणजे फोडायचा लाकडी पुतळा) अशीच आहे: चवड्यांवर नाही गेलं तर ती गायब होते आणि तिच्यातल्या चकाकत्या वस्तू, म्हणजे गेममधले पैसे, जातात. पहिला सराव तिच्यावर करा, तिथे मार बसत नाही.

आता बिनानावाचा यूएसबी कंट्रोलर. त्याच्या मधोमध बहुतेक वेळा ॲनालॉग लिहिलेलं बटण असतं. त्याचा लाल दिवा विझलेला असेल तर दांडीचा नुसता बाणांच्या बटणांसारखा उपयोग होतो: एकतर शून्य, नाहीतर पूर्ण. मधलं काही नाही. मग आठ वर्षांचं पोर काय आणि मी काय, कोणालाच चवड्यांवर चालता येणार नाही. बटण दाबून दिवा लावा. कंट्रोलर काढून पुन्हा जोडला की काही मॉडेलांत दिवा परत विझतो, तेव्हा दर वेळी बघायचं. कीबोर्डवर खेळत असाल तर तिथेही हीच रड, कळ अर्धी दाबली जात नाही.

दिवा लागलेला असूनही पात्र एकदम पळत सुटत असेल तर स्टीममध्ये गेमच्या कंट्रोलर सेटिंगात डाव्या दांडीचा रिस्पॉन्स कर्व्ह ‘लिनियर’ असतो तो ‘रिलॅक्स्ड’ करा. दांडीची सुरुवातीची हालचाल मवाळ होते.

उलटा त्रास असेल, म्हणजे हात न लावता पात्र आपोआप सरकत असेल, तर डेड झोन (दांडीच्या ज्या बारीक हालचालीकडे गेम दुर्लक्ष करतो तो पट्टा) थोडा थोडा वाढवा. जास्त वाढवलात तर चवड्यांची जागाच डेड झोन खाऊन टाकेल. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार होतं. दमट, खारी हवा दांडीच्या आतल्या संपर्काला लागते. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीवर दोन-तीन थेंब घेऊन दांडीच्या बुडाशी फिरवा, दांडी दहा-बारा वेळा गोल फिरवा, पंधरा मिनिटं वाळू द्या आणि मगच जोडा. रबर चिकट झालं असेल तर तेही यानेच निघतं. पेट्रोल किंवा थिनर नको, प्लास्टिक जातं. रात्री झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

डिचोली_२००३

मोज्यांमागे लागण्याआधी मी क्रॅब्सकडून विकत घेईन. पहिला ३००० चकाकत्या वस्तूंना मिळतो, पुढे भाव चढत जातो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखी घासाघीस इथे चालत नाही. ३३ वरून ४० ला जाताना दोन-तीन विकत घेतले तर कोणी नावं ठेवणार नाही.

वस्तू जमवायच्या तर एका भागातून बाहेर पडून परत आत या, टिक्या पुन्हा उभ्या राहतात. एकेक करून फोडू नका. लागोपाठ, मध्ये न थांबता फोडल्या की कॉम्बो लागतो आणि वर बोनस मिळतो.

रोबो ओकणारं यंत्र, डुप्लिकेटोट्रॉन, दिसलं तर आधी ते फोडायचं. मुलं आधी रोबोंशी लढत बसतात आणि यंत्र मागून नवे देत राहतं.

कालथेबहाद्दर

@डिचोली_२००३, विकत घ्यायला हरकत नाही, पण सगळी थैली क्रॅब्सकडे रिकामी करू नका. वाटेत शिंपले बसलेले असतात, त्यांनाही चकाकत्या वस्तू मोजाव्या लागतात. थैली रिकामी असताना शिंपल्यापाशी पोचलं की मागे फिरून टिक्या फोडत बसावं लागतं. पहिले दोन घ्या, तिसऱ्यापासून मोजेच स्वस्त.

रायबंदरचा_बोका

ॲनालॉगचा दिवा विझलेलाच होता! दाबल्यावर पात्र चवड्यांवर चाललं. वर्तुळाच्या कडेपर्यंत बरोबर जातो, पण रोबोजवळ पोचताच पोर घाईत दांडी पूर्ण ढकलतो.

म्हापसा_पिक्सेल

जवळ पोचला की अंगठा दांडीवरून पूर्ण उचलायला सांगा. पात्र थांबेल, रोबो झोपलेलाच राहील. मग फक्त माराचं बटण. चालता चालता मारायला गेलं की अंगठा आपोआप जोर लावतो. दूरवरून रोबो उडवायचा असेल तर क्रूझ बबल, पण तो ४० नंतर. तोपर्यंत अंगठाच.

बागेतला_गॅरी

दोघांचं राहिलं. मूळ गोष्ट एकट्यानेच खेळायची आहे, दुसऱ्याला मध्ये उतरता येत नाही. दोघांसाठी मुख्य मेनूत वेगळा हॉर्ड मोड आहे, एका पडद्यावर किंवा ऑनलाइन. बेटामागून बेट रोबोंच्या लाटा परतवायच्या. कालथे तिथे मिळत नाहीत, त्यामुळे ३३ चे ३४ होणार नाहीत, पण त्यात स्क्विडवर्ड आणि गॅरीसुद्धा घेता येतात. शेवटी रोबो-स्क्विडवर्ड येतो. तो २००३ च्या मूळ गेमसाठी योजला होता आणि गाळला गेला होता. कंट्रोलर दोन लागतील, आणि दुसऱ्याचाही लाल दिवा तपासा.

दोघांत भांडण नको असेल तर मुख्य खेळ बसथांब्यावर वाटून घ्या: पात्र बदललं की कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात. डाउनटाउनमध्ये हे छान जमतं. स्पंजबॉब एकाचा, सँडी दुसऱ्याची. सँडी हवेत दोर गरगर फिरवून तरंगते, उडीनंतर उडीचंच बटण धरून ठेवायचं. लहान मुलांना तिच्याबरोबर छपरांवरून उड्या मारणं सोपं जातं.

द कॉस्मिक शेक घेऊ का असं कोणी विचारण्याआधीच सांगतो: २०२३ चा तो गेम दिसायला देखणा आहे, पण एकट्याचाच, आणि खेळायला फक्त स्पंजबॉब. चवथीसाठी उपयोगाचा नाही.

आणि पोराने विचारलं की मिस्टर क्रॅब्सचा आवाज टीव्हीवरच्यासारखा का नाही, तर त्याचे कान बरोबर आहेत. २०२० च्या या आवृत्तीत २००३ चंच ध्वनिमुद्रण वापरलंय, आणि तेव्हा क्रॅब्सला आवाज दुसऱ्या नटाने दिला होता.

डिचोली_२००३

पावसात वीज जाते म्हणून एक. कालथा मिळाल्यावर कोपऱ्यात सेव्हचं चिन्ह फिरतं. ते थांबेपर्यंत पीसी बंद करू नका. यूपीएस पाच मिनिटांचा असला तरी पुरतो, पण पडद्याची वायरही त्यावरच हवी. नाहीतर पीसी चालू आणि समोर काळोख.

रायबंदरचा_बोका

आत्ता ३६. सँडीच्या घुमटातला आणि क्रस्टी क्रॅबमधला राहिलेलेच होते, तिसरा क्रॅब्सकडून घेतला. मोजे १४ आहेत, म्हणजे पॅट्रिककडे एक पडूनच आहे. लॅरीला हात लावलेला नाही.