मदत हवी आहे : भजन मंडळाच्या माईकचा आवाज दबका येतो

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या मंडळात सामुदायिक प्रार्थनेसाठी व खंजिरी भजनासाठी वापरला जाणारा जुना डायनॅमिक माईक हल्ली दबका वाजतो. वायर आणि जॅक बदलूनही फरक पडलेला नाही. जाळी उघडली असता आतला स्पंज बोट लागताच भुगा होऊन सुटला आणि कॅप्सूलच्या (आवाज टिपणाऱ्या, पातळ पडदा असलेल्या भागाच्या) तोंडाशी, बहुधा आतल्या चुंबकाने ओढलेला, लोखंडाचा बारीक कीस दिसला. जाळी काढून साबणाच्या पाण्याने धुता येते, हे ठाऊक आहे. मात्र पातळ पडद्याला इजा न होता हा कीस चिकटपट्टीने उचलता येईल काय? (फुंकर मारण्याचा सल्ला कृपया देऊ नये, थुंकीच्या ओलीनेच निम्मे नुकसान होते.) की कॅप्सूलच बदलावी? अमरावती किंवा नागपूरकडे असे काम करणारे जाणकार कारागीर असल्यास कृपया कळवावे.